जखम डोक्यात, उपचार नव्वद किलोमीटरवर

गेल्या काही महिन्यांत माजी सैनिकांच्या मेळाव्यांत, व्हॉट्सॲपच्या गटांत आणि नाशिकरोडच्या चहाच्या टपऱ्यांवर मी एकच वाद पुन्हा पुन्हा ऐकतो आहे. डोक्याला मार लागून घरी आलेल्या जवानाच्या पुढच्या उपचारांचं काय? एक बाजू म्हणते, देवळालीची छावणी, नाशिकरोडचं आर्टिलरी सेंटर, ओझरचा हवाई तळ असलेल्या या जिल्ह्यात मेंदूच्या पुनर्वसनाचं भव्य केंद्र झालंच पाहिजे. दुसरी म्हणते, फौजींना पेन्शन आहे, ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड आहे, कँटीन आहे. ऊसतोडीला जाताना ट्रॉलीतून पडून डोकं फुटलेल्या मजुराला यातलं काय मिळतं? दोघांकडेही मुद्दे आहेत. पण उपचार म्हणजे इमारत, हे दोघंही धरून चालतात. एकाला ती बांधायची आहे, दुसऱ्याला तिचा खर्च खुपतो. माझं मत वेगळं आहे आणि ते आधीच सांगून टाकतो. मेंदूला इजा झालेला माणूस रुग्णालयातून सुटला, की त्याला सगळ्यात जास्त गरज असते ती घरी नियमित येणाऱ्या, शिकलेल्या, पगारी माणसाची. असा माणूस प्रत्येक तालुक्यात नेमला तर उपचार सुरगाणा, पेठ, कळवण, बागलाणच्या वाड्यापाड्यांपर्यंत जातील. तो नेमला नाही, तर नाशिकमध्ये कितीही मजली केंद्र उभारलं तरी ते शहराच्या आसपासच्या लोकांचंच राहील.

हे मी तिऱ्हाईतासारखं लिहू शकत नाही. माझा थोरला भाऊ तोफखान्यात होता. डोंगराळ भागात त्यांची गाडी उलटली आणि तो नऊ दिवस बेशुद्ध होता. सैन्याच्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, दादा वाचला. त्या डॉक्टरांचे उपकार आम्ही जन्मभर विसरणार नाही. पुढे मेडिकल बोर्ड झालं आणि 'बोर्ड आऊट' होऊन, म्हणजे वैद्यकीय कारणाने सेवेतून मुक्त होऊन, तो पस्तिसाव्या वर्षी घरी आला. आमचं घर सुरगाण्याच्याही पुढे, गुजरातच्या हद्दीकडे. हात धड, पाय धड. स्टँडवर उतरला तेव्हा लोक म्हणाले, देवाची कृपा, काहीच झालं नाही. पहिल्याच आठवड्यात वहिनीने चुलीवर दूध ठेवलं आणि त्याला लक्ष द्यायला सांगून ती पाण्याला गेली. परत आली तर घरभर धूर. दूध उतू जाऊन आटलं होतं, पातेलं काळंठिक्कर पडलं होतं आणि दादा चुलीसमोर बसून त्या पातेल्याकडेच बघत होता. उतू जाताना दिसत नव्हतं का, असं मी त्याला नंतर विचारलं. म्हणाला, "दिसत होतं रे. पण पुढं काय करायचं ते सुचेना."

या एका वाक्यात मेंदूच्या दुखापतीचं सगळं दुखणं आलं. डोळे बघतात, हात हलतात, पण बघण्यातून करण्याकडे जाणारी वाट तुटलेली असते. कपाळामागचा भाग दुखावला की सुरुवात करणं, क्रम लावणं, मध्येच थांबणं, राग आवरणं ही कामं अवघड होतात. वास कळेनासा होतो, आवाज सहन होत नाही, तासाभराच्या कामानंतर माणूस दिवसभर राबल्यासारखा गळून जातो. काहींना महिन्यांनी, वर्षांनी फिट येऊ लागतात. सुधारणा पहिल्या काही महिन्यांत सगळ्यात वेगाने होते, पण नंतरही वर्षानुवर्षं होत राहते, फक्त सराव करून घेणारं कुणी हवं. त्यासाठी फिजिओथेरपिस्ट, रोजची कामं पुन्हा शिकवणारे ऑक्युपेशनल थेरपिस्ट, स्पीच थेरपिस्ट, मानसशास्त्रज्ञ यांचा मेळ लागतो. ही सगळी माणसं शहरात आहेत.

आता हिशेब मांडू. आमच्या भागातून नाशिक साधारण नव्वद किलोमीटर. वणी, दिंडोरी करत एसटीने यायचं, पाऊण तासाची थेरपी घ्यायची, परत जायचं. आठवड्यातून तीनदा बोलावलं होतं. म्हणजे आठवड्याला ५४० किलोमीटर, आणि त्या बदल्यात सव्वादोन तासांचे उपचार. बारा आठवड्यांचे ६,४८० किलोमीटर होतात. सोबत वहिनी हवीच, कारण दादा एकटा गाडीत बसला तर कुठे उतरायचं ते विसरेल. म्हणजे आठवड्याचे तीन दिवस तिचं शेत बंद, म्हैस शेजाऱ्यांच्या भरवशावर, मुलं सासूकडे. ज्याला हॉर्नचा आवाज डोक्यात हातोड्यासारखा बसतो, तो साडेतीन तास गाडीत हिंदकळून थेरपीच्या टेबलावर पोहोचतो तेव्हा त्याच्यात शिकण्याइतकं त्राण कुठून उरणार? अकरा फेऱ्या झाल्या. बाराव्या फेरीला भाताची आवणी सुरू झाली होती आणि दोघंही आले नाहीत. त्या ठिकाणच्या नोंदवहीत शेरा पडला: 'रुग्ण अनियमित.'

मी नाशिकला नोकरी करतो, मग भावाला घरी का ठेवून घेतलं नाही, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आणि तो चुकीचा नाही. महिनाभर ठेवला होता. आमच्या कॉलनीतल्या सगळ्या इमारती सारख्या. तो दोनदा दुसऱ्याच जिन्याने चढून भलत्याच दाराची बेल वाजवत उभा राहिला. गावी मात्र त्याला बांध, विहीर, आंब्याचं झाड, म्हशीचा गोठा यांच्या खुणा होत्या. तुटलेल्या स्मरणशक्तीला ओळखीची जागा हीच काठी असते. ती काढून घेऊन त्याला शहरात बरं करायचं, हा उफराटा न्याय आहे.

याहून मोठा मुद्दा असा की केंद्रात शिकलेलं घरात उतरतंच असं नाही. नाशिकला दादा लाकडी फळीवरच्या खुंट्या बरोबर क्रमाने बसवायला शिकला. थेरपिस्टने पाठ थोपटली. घरी आल्यावर त्याला सदऱ्याची बटणं क्रमाने लावता येईनात. ही त्याची एकट्याची गोष्ट नव्हे. पहिल्या महायुद्धात डोक्यात गोळ्या आणि तोफेचे तुकडे घुसलेल्या जर्मन सैनिकांसाठी कुर्ट गोल्डस्टाइन या डॉक्टरने फ्रँकफर्टला संस्था चालवली. त्याने बारकाईने टिपलं होतं की असा रुग्ण भरल्या पेल्यातून पाणी नीट पितो, पण रिकामा पेला देऊन पिऊन दाखव म्हटलं की अडखळतो. काम खरं असलं की जमतं, नुसता अभ्यास म्हणून दिलं की हरवतं. गोल्डस्टाइनने म्हणूनच रुग्णालयाला कार्यशाळा जोडल्या. शंभर वर्षांपूर्वीच्या या निरीक्षणाचा अर्थ आपल्यासाठी काय? सुरगाण्याच्या शेतकऱ्याचा भरला पेला त्याच्या घरात आहे: चूल, गोठा, नागलीचं शेत, रेशनचं दुकान. उपचार तिथेच व्हायला हवेत, आणि हे मी गरिबांसाठी स्वस्तातली पळवाट म्हणून सांगत नाही. परवडत असतं तरी या दुखण्याला हीच पद्धत योग्य ठरली असती.

नाशिककरांनी तर हा विषय सगळ्यांत आधी ओळखायला हवा होता. इंग्रजीत वेड लागलेल्या माणसाला 'डूलॅली' म्हणतात, तो शब्द आपल्या देवळालीवरून गेला. नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत देवळालीच्या छावणीत पडून असत. जहाजं थंडीच्या हंगामातच सुटत. हंगाम हुकला की पुढचे कित्येक महिने तिथेच. करायला काम नाही, घर दूर, उन्हाळा आणि हिवताप. त्यात माणसं भ्रमिष्ट व्हायची आणि त्याला ते 'डूलॅली टॅप' म्हणायचे. टॅप म्हणजे आपला ताप. लढाईत न हरलेली माणसं वाट बघण्यात हरली, आणि जगाने त्यातून एक थट्टेचा शब्द तेवढा उचलला. आज त्याच देवळालीच्या जिल्ह्यात रेफरलची वाट बघणारा, पुढच्या तारखेची वाट बघणारा, बसची वाट बघणारा जवान आहे. त्याची रिकामी वर्षं कोण मोजतं?

मोजत नाही कुणी, आणि त्याला कारण आहे. दिसणाऱ्या जखमांसाठी या देशाने उत्तम काम केलं आहे. युद्धात जायबंदी झालेल्या जवानांना हुन्नर शिकवणारी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट १९१७ मध्ये मुंबईत सुरू झाली, ती पुढे खडकीला आली. पुण्याचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ चं. कमरेखाली लुळ्या झालेल्या जवानांसाठी खडकीचं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर १९७४ चं. पाय गेलेल्याचा पाय गेलेला दिसतो, व्हीलचेअर दिसते, तिच्यापुढे माणूस आदराने बाजूला होतो. मेंदूच्या जखमेला असं काही बाह्य चिन्ह नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यात पार्किन्सन्स आहे, सिकलसेल आहे, ॲसिड हल्ल्याचे बळी आहेत. अपघाताने मेंदूला झालेली इजा स्वतंत्र प्रकार म्हणून त्यात नाही. तिला दुसऱ्या कुठल्या तरी खान्यात बसवावं लागतं. चालण्याफिरण्याच्या खान्यात बसवलं तर दादासारख्याचे अपंगत्वाचे टक्के चाळीसच्या खाली राहतात आणि बरेचसे लाभ हुकतात. मानसिक आजाराच्या खान्यात बसवायचं म्हटलं तर घरचेच नको म्हणतात, मुलीचं लग्न व्हायचं आहे. एका कार्यालयात साहेबांनी दादाला दारापासून टेबलापर्यंत चालून दाखवायला सांगितलं. दादा सैनिकी शिस्तीत ताठ चालत गेला आणि सॅल्यूट ठोकला. साहेब म्हणाले, "हे तर माझ्यापेक्षा फिट आहेत." त्या कागदावर पुढे काय लिहिलं गेलं असेल, ते वेगळं सांगायला नको.

गावातही तेच. फौजी चिडतो, शब्द अडखळतो, चालताना झोकांडी जाते. लोक म्हणतात, कँटीनची बाटली. खरं तर मेंदूला मार लागलेल्याला दारू फार लवकर चढते, म्हणून दादाला डॉक्टरांनी थेंबही घेऊ नको म्हणून बजावलं आहे आणि तो घेत नाही. काहींनी 'बाहेरचं' आहे म्हणून देवऋषी सुचवला. १८४८ मध्ये अमेरिकेत रेल्वेच्या कामावर फिनिअस गेज नावाच्या मुकादमाच्या डोक्यातून लोखंडी पहार आरपार गेली. तो चालत-बोलत राहिला, पण ओळखीचे म्हणू लागले की हा आता आमचा गेज नाही. पावणेदोनशे वर्षांपूर्वी त्या मजुरांना जे कळलं, ते आपल्या टक्केवारीच्या तक्त्याला अजून पुरतं कळलेलं नाही. न्यायालयाला मात्र कळलं. फिट येतात म्हणून सैन्यातून काढलेल्या जवानाच्या प्रकरणात, धरमवीर सिंह विरुद्ध भारत सरकार या २०१३ च्या निकालात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार नोकरीतूनच झाला असं धरलं जाईल. तसं नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची. पेन्शनच्या बाबतीत ही मोठी भिंत पडली. पण पेन्शन दर महिन्याला बँकेत येते, चुलीवरचं दूध उतरवायला येत नाही.

हा प्रश्न लढाईत जखमी झालेल्या मोजक्यांचाच आहे, असं म्हणणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. ८ जानेवारी २०२० ला इराणने इराकमधल्या अल असद तळावर क्षेपणास्त्रं डागली तेव्हा अमेरिकेने आधी जाहीर केलं की एकही जवान जखमी नाही. पुढच्या आठवड्यांत १०० हून अधिक सैनिकांच्या मेंदूला इजा झाल्याचं निदान झालं. वरून दिसणारी जखम नव्हती. स्फोटाच्या दाबाच्या लाटेनेच काम केलं होतं. तोफांच्या सततच्या दाबाचा मेंदूवर काय परिणाम होतो, याची तपासणी आता अमेरिकी सैन्यात गांभीर्याने होते आहे. नाशिक हे भारतीय तोफखान्याचं माहेर आहे. इथल्या किती घरांत तोपची राहतात! दुसरी गोष्ट, आपला जवान पस्तिशी-चाळिशीत निवृत्त होतो आणि मोटरसायकलवर फिरणाऱ्या आयुष्यात परत येतो. चांदवडच्या घाटात किंवा सिन्नरच्या रस्त्यावर तो पडला तर मेंदूला त्याची वर्दी उतरली आहे की नाही याने फरक पडत नाही.

आता विरोधकांचा सगळ्यात जोरकस मुद्दा. सैनिकालाच का? ट्रॉलीतून पडलेल्या मजुराचं डोकं स्वस्त आहे का? नाही, आणि हा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. कामावर जखमी झालेल्याची जबाबदारी मालकाची, हे तत्त्व आपल्या कायद्यात कामगार नुकसानभरपाईच्या रूपाने १९२३ पासून आहे. सैनिकाचा मालक सरकार आहे, म्हणून सरकारवर त्याचा पहिला हक्क आहे एवढंच. पण पहिला म्हणजे एकमेव नव्हे. १९४४ मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिल रुग्णालयात लुडविग गुटमन यांनी पाठीचा कणा मोडलेल्या सैनिकांसाठी विभाग सुरू केला. तोवर असे रुग्ण काही महिन्यांत जातातच, असं धरलं जायचं. सैनिकांवर जे सिद्ध झालं ते पुढे खाणीत आणि रस्त्यावर जखमी झालेल्या सामान्य माणसालाही मिळालं, आणि पॅरालिम्पिकची सुरुवात तिथल्याच मैदानावर झाली. सैनिकांसाठी उघडलेलं दार सगळ्यांसाठी उघडं ठेवायचं की नाही, हे ठरवणं आपल्या हातात आहे. उलट मी म्हणेन, तालुक्यात घरोघरी जाणारा हा पगारी कार्यकर्ता फक्त माजी सैनिकांसाठी ठेवला तर तो टिकणारच नाही. एका तालुक्यात विखुरलेले चार-सहा जवान असतील. पक्षाघात झालेले, मोटरसायकलवरून पडलेले, झाडावरून पडलेले धरले तर त्याचा आठवडा भरेल. आजार वेगवेगळे, पण बटण लावायला शिकवण्याची रीत बऱ्याच अंशी तीच.

दुसरा मुद्दा आपल्या संस्कृतीचं नाव घेऊन येतो. आपल्याकडे कुटुंब आहे, परदेशासारखं माणूस एकटं नसतं. घरच्यांनाच चार गोष्टी शिकवा, सरकारी माणूस कशाला? ऐकायला गोड आहे. सुदैवाने हे भारतातच तपासून पाहिलं गेलं आहे. देशातल्या १४ रुग्णालयांत पक्षाघाताच्या १,२५० रुग्णांवर 'अटेंड' नावाचा मोठा अभ्यास झाला आणि २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. एका गटाला नेहमीची सेवा, दुसऱ्या गटात त्याशिवाय घरातल्या माणसाला प्रशिक्षण देऊन त्याच्याकडून व्यायाम करून घेणं. सहा महिन्यांनी दगावलेल्या किंवा परावलंबी राहिलेल्या रुग्णांचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच, ४७ टक्के. हा निकाल माझ्या बाजूच्या लोकांना टोचतो, कारण 'घरी उपचार' म्हणणारे आम्हीच. म्हणून तो नीट वाचायला हवा. घर ही जागा तिथे हरली असं मला वाटत नाही. भार टाकला गेला तो घरच्या बाईवर, आणि तिच्याकडे आधीच शेत, गुरं, मुलं, सासू असते. अभ्यास करणाऱ्यांनीच पुढे सुचवलं की कुटुंबाऐवजी आरोग्य सहायकांकडे किंवा गावपातळीवरच्या पथकाकडे हे काम देऊन पाहावं. माझी वहिनी पहाटे साडेचारला उठते. तिला आणखी एक जबाबदारी देऊन आपण त्याला कुटुंबव्यवस्थेचा विजय म्हणणार आहोत का?

तिसरा आक्षेप तज्ज्ञांचा, आणि तो मी सगळ्यात आदराने ऐकतो. मेंदू नाजूक आहे, अर्धवट शिकलेला माणूस नुकसान करेल. हेच वाक्य महाराष्ट्राने एकदा ऐकलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायकांना नवजात बाळाचा जंतुसंसर्ग ओळखायला, इंजेक्शन द्यायला शिकवलं, तेव्हा अनेक डॉक्टरांना ते धाडस वाटलं. ३९ गावांत ते काम झालं, तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटलं आणि १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट'ने छापलं. २०११ पासून आशाताईंच्या घरभेटींच्या रूपाने ती कल्पना देशाच्या कार्यक्रमात आली. त्याआधी, १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केलेल्या आरोळे दांपत्याने अक्षरओळख नसलेल्या बायकांना आरोग्याचं शास्त्र शिकवलं होतं. या दोन्ही ठिकाणी काम थोडं आणि नेमकं होतं, देखरेख कडक होती, आणि अडलं तर वर विचारायला डॉक्टर होते. मेंदूच्या पुनर्वसनातलंही असं थोडं, नेमकं काम वेगळं काढता येतं: दिवसाचा क्रम लावून देणं, चुकू न देता एकेक पायरी शिकवणं, फिटच्या गोळ्या चुकत नाहीत ना ते बघणं, आखडलेला हात सैल ठेवणं, घरच्यांना दर आठवड्याला तासभर ऐकून घेणं, आणि डोकं दुखून उलटी झाली की तडक रुग्णालयात पाठवणं.

मग मोठं केंद्र नकोच का? हवं. आखडलेल्या स्नायूंची इंजेक्शनं, स्मृतीच्या चाचण्या, गिळण्याचा त्रास, न थांबणाऱ्या फिट यांच्यासाठी तज्ज्ञ एका छताखाली लागतातच, आणि सुरुवातीचे काही आठवडे तिथे काढावे लागतात. पण केंद्र हे मूळ असेल तर फांद्या कुठे आहेत, हे विचारल्याशिवाय पैसे मंजूर होऊ नयेत. अमेरिकेने इराक आणि अफगाणिस्तानातल्या जखमींसाठी २००५ पासून मोठी पॉलिट्रॉमा, म्हणजे एकाच वेळी अनेक इजा झालेल्यांसाठीची, केंद्रं उभारली. पैसा, यंत्रं, तज्ज्ञ सगळं होतं. तरी २००६ च्या कायद्याने त्यांच्या माजी सैनिक विभागाला ग्रामीण आरोग्याचं वेगळं कार्यालय काढावं लागलं, कारण त्यांचेही जवान खेड्यांत राहतात आणि खेडी केंद्रांपासून लांब असतात. मोबाइलवरच्या उपचारांचंही तसंच. मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक, डॉक्टरांचा ऑनलाइन सल्ला देणारी ई-संजीवनी ही कामाची साधनं आहेत. पण ज्याचं लक्ष दोन मिनिटांत उडतं त्याला पडद्यासमोर एकट्याला बसवून काय होणार? तोच पडदा घरी आलेल्या कार्यकर्त्याच्या हातात असेल आणि पलीकडून थेरपिस्ट त्याला सांगत असेल, तर गोष्ट निराळी.

माणसं कुठून आणायची? माझ्या डोळ्यांसमोर आधी येतात ते आर्मी मेडिकल कोअरमधून निवृत्त झालेले नर्सिंग असिस्टंट. चाळिशीतले, रुग्णसेवा हाताखालून गेलेली, गावातच राहणारे, आणि फौजीची भाषा बोलणारे. दादाला 'आता प्रयत्न करू या हं' म्हटलं तर तो उठत नाही. 'चल, फॉल इन' म्हटलं की उठतो. अशांना सहा महिन्यांचं प्रशिक्षण द्यायला आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिकमध्येच आहे. एका कार्यकर्त्याने दुचाकीवर दिवसाला चार घरं केली तर आठवड्याच्या पाच दिवसांत वीस भेटी होतील, म्हणजे दहा रुग्णांना आठवड्यातून दोनदा. सहा महिन्यांनी पुढचे दहा. एका तालुक्यात वर्षाला वीस माणसं उभी राहतील, आणि त्याला लागेल एक पगार आणि पेट्रोल. तो बसेल ग्रामीण रुग्णालयात, त्याचं काम तपासेल नाशिकचा थेरपिस्ट. ईसीएचएसची देशभर ४०० हून अधिक पॉलिक्लिनिक आहेत. त्यांनी रुग्णालयातल्या दिवसांचे पैसे देतात तसे घरभेटीचे पैसे द्यायचं ठरवलं, तर माजी सैनिकांच्या वाट्याचा खर्च तिथूनच निघेल. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे कल्याण संघटक तालुक्यांतून फिरतातच; डोक्याला मार लागून आलेल्या प्रत्येक जवानाची नोंदवही त्यांनी ठेवावी. आणि रुग्णालयातून सुटताना जो कागद हातात देतात, त्यावर गोळ्यांच्या नावांखाली त्या तालुक्याच्या कार्यकर्त्याचं नाव आणि फोन नंबर छापलेला असावा. दर ७ डिसेंबरला ध्वजदिन निधीची पावती फाडताना हे मागायला आपल्याला कुणी अडवलं आहे?

हे सगळं मी कशाच्या जोरावर म्हणतो? अभ्यासांच्या जोरावर तर आहेच, पण एका दुपारच्याही. आमच्या गावात एकदा आरोग्य शिबिर होतं. फिजिओथेरपी शिकणारी, इंटर्नशिप करणारी एक मुलगी त्यात आली होती. शिबिरातली रांग संपल्यावर वहिनीने तिला घरी नेलं. ती चुलीजवळ दोन तास बसली. दादाला काही करायला न लावता तो काय करतो ते नुसतं बघत राहिली. मग तिने मुलांची पाटी मागून घेतली, दारामागे खिळ्याला टांगली आणि खडूने चार ओळी लिहिल्या. गोळी. भाकर. म्हशीला पाणी. वहिनीला फोन. एका ओळीत एकच काम. काम झालं की ती ओळ त्याने स्वतः बोटाने पुसायची. रात्री वहिनीने चारही पुन्हा लिहायच्या. तीन आठवड्यांनी दादा सांगितल्याशिवाय गोळी घेऊ लागला. दोन महिन्यांनी त्याने म्हशीला एकट्याने नदीवर नेऊन आणलं, आणि त्या दिवशी वहिनी पहिल्यांदा त्याला घरी एकटा ठेवून बाजाराला गेली. अकरा फेऱ्यांनी जे झालं नव्हतं ते दोन तासांच्या एका भेटीने सुरू झालं.

वहिनी अजून फोनवर विचारते, ती मुलगी परत कधी येणार? तिची इंटर्नशिप संपली, ती आता पुण्याला नोकरी करते. पाटीवरच्या चार ओळी दोन वर्षं त्याच आहेत. दादा आता त्या न बघताही करतो. पाचवी ओळ कोणती लिहायची, ते आम्हाला कुणालाच कळत नाही.